एक मैलाची मुंबई

गभणे कंपाउंडर एखाद्या माणसाला घेऊन पवनीच्या बाजारातून घाटाकडे चालत निघाले, की दुकानांतली बोलणी आपोआप खाली यायची. पानठेल्यावर उभी असलेली माणसं रस्त्याकडे पाठ करायची. त्यात तुसडेपणा नव्हता. समोरून जो चालत येतोय त्याला आपल्याकडे लोक बघताहेत असं वाटू नये, एवढाच त्यांचा हेतू असे. गभण्यांबरोबर घाटापर्यंत चालणं म्हणजे काय, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्या माणसाला मुंबईला न्यायचं ठरलेलं असायचं, आणि त्या काळी आमच्याकडून मुंबईला हौसेने जाणारे फार थोडे. नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले की मुंबई.

चालण्याची पद्धत ठरलेली होती. सकाळची गर्दी ओसरली की दहाच्या सुमारास निघायचं. रोगी पुढे, गभणे त्याच्या दोन पावलं मागे. हात पाठीशी बांधलेले, ओठ हलताहेत. दवाखान्यापासून किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत, तिथून खाली वैनगंगेच्या घाटापर्यंत. रोग्याने वाटेत कुठेही थांबावं, कशालाही टेकावं; गभणे चकार शब्द काढत नसत. पहिल्यांदा तो जिथे थांबला तेवढा पावलांचा आकडा मनात धरायचे आणि मुकाट्याने परत फिरायचे. मग मागच्या खोलीत, जिथे मिक्श्चरच्या रिकाम्या बाटल्या पालथ्या घातलेल्या असत, तिथे नातेवाइकांना बोलावून मुंबईत कुठल्या भागात उतरायचं ते सांगायचे. चारशे पावलंवाल्याला एक वस्ती, हजारवाल्याला दुसरी. दादरच्या धर्मशाळेत हवा चांगली, पण मध्ये पूल चढावा लागतो. गिरगावातली खोली शांत, पण तिसऱ्या मजल्यावर. परळच्या अमुक गल्लीत गोंगाट फार, भोंगे वाजतात, पण इस्पितळाचं फाटक खिडकीतून दिसतं.

"मुंबई काही मोठी नाही जी," ते म्हणायचे. "बिमार माणसाचे पाय लहान होते. आपण त्या पायानं मोजाची."

मी शाळेत गणित शिकवायचो. त्यामुळे मोजामोजीचा अधिकार आपलाच, असा माझा समज. सुरुवातीला मला हा सगळा प्रकार येडपटपणाचा वाटला होता आणि तसं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. ते गभण्यांच्या कानावर गेलंच असणार, कारण पवनीत असं काही कानावर जायचं राहत नाही. पण ते मला पूर्वीसारखेच "या मास्तर" म्हणत राहिले.

बुटका, रुंद हाडाचा माणूस. खाकी पँट, पांढरा सदरा, खिशाजवळ जांभळ्या औषधाचे डाग. मिक्श्चरच्या बाटलीवर चिकटवायची कागदाची पट्टी ते इतकी नेमकी कातरायचे, की त्यांनी पाडलेल्या डोसाच्या खाचा बघून मला वर्गातल्या मुलांची प्रमेयं आठवायची आणि लाज वाटायची. चहा उभ्याने प्यायचे. गप्पा मारायला कोणी आलं की हातातलं काम थांबवत नसत, त्यामुळे गप्पा लवकर संपत.

स्वतः ते मुंबईत चार महिने राहिले होते. बायकोला घेऊन गेले होते आणि एकटे परत आले होते. यापलीकडे गावाला काही माहीत नव्हतं. त्यांना विचारावं, समुद्र कसा असतो? "मले नाही माहीत जी, मी पाहिला नाही." राणीचा बाग? नाही. नटनट्या? नाही. चार महिने मुंबईत काढून समुद्र न बघितलेला माणूस म्हणून पोरं त्यांची टिंगल करत. इस्पितळाच्या चहूबाजूंनी एक मैल, एवढीच त्यांची मुंबई. पण त्या मैलातली कुठली पायरी पावसाळ्यात निसरडी होते, कुठल्या दुकानाच्या फळीवर बसलं तर मालक हाकलत नाही, कुठल्या नळाला कधी पाणी येतं, हे सगळं त्यांना पाठ होतं. आणि ते शिळं होऊ नये म्हणून मुंबईहून जो परत येईल त्याला ते गाठायचे. आपल्याकडे परत आलेल्याला आधी तब्येत विचारायची रीत. गभणे तब्येत विचारतच नसत. फळी अजून आहे का, मालक तोच आहे का, हे विचारायचे. लोक दुखावले जात. मीही एकदा म्हणालो होतो, हा माणूस आहे की नगरपालिका?

कोंढ्याचे एक पंच होते. नाव सांगत नाही, त्यांची मुलं अजून तिथेच शेती करतात. धिप्पाड माणूस, भरघोस मिशा. छातीचं दुखणं. त्यांना घेऊन गभणे निघाले तेव्हा बाजाराचा दिवस होता. पंच दवाखान्यापासून घाटापर्यंत ताठ मानेने, दोन्ही बाजूंना रामराम घालत गेले आणि तसेच रामराम घालत परत आले. कुठे थांबले नाहीत की टेकले नाहीत. गभण्यांना फार आनंद झाला. इतका चालणारा रोगी त्यांना कधी मिळाला नव्हता. त्यांनी हवा चांगली म्हणून दादरची धर्मशाळा सांगितली.

सातव्या दिवशी पंच परत आले. तिथला पूल त्यांना चढवला नाही. तीन दिवस प्रयत्न केला, चौथ्या दिवशी म्हणाले, मला घरी न्या. उपचार होण्यासारखे होते, इस्पितळात नावही लागलं होतं. पण त्या पुलाच्या अलीकडेच त्यांची मुंबई संपली. धान कापणीच्या दिवसांत ते गेले.

गभणे सायकलने कोंढ्याला गेले. मी सोबत होतो, कारण पंचांचा नातू माझ्या वर्गात होता. अंगणात माणसं बसली होती. गभणे सगळ्यांसमोर पंचांच्या बायकोपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, चूक माही आहे. मी चुकीची जागा सांगितली."

त्या बाईने पदर सारखा केला. "तुमची कायची चूक जी? पंच होते ते. भर बाजारात बसतीन कसे?"

परतीच्या वाटेवर गभणे सायकल हातात धरून चालतच राहिले. मला वाटलं, आता हा माणूस हे सगळं सोडून देणार. त्यांनी सोडलं नाही. मात्र त्या दिवसापासून चालण्यात एक गोष्ट वाढली. रोग्याने चालता चालता बोलायचं. शेतात काय पेरलं, लेकीला कुठे दिली, काहीही. पण बोलणं तुटू द्यायचं नाही. तुटलं की मोजणी थांबली, मग पाय चालत असले तरी.

"पाय खोटं बोलतात मास्तर," ते मला म्हणाले. "दम नाही बोलत."

हे ऐकलं त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा बंद केली. आणि पुढच्याच वर्षी माझ्या बहिणीसाठी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

शकुन माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, तेव्हा विशीतली. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्याने हृदयाची एक झडप आवळत आली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, झडप उघडावी लागेल, मुंबईला न्या, आणि वेळ लावू नका. इस्पितळातून पत्र आलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी हजर राहायचं, नाही तर नंबर जाईल आणि पुन्हा कधी लागेल त्याचा भरवसा नाही. पत्र आलं तेव्हा हातात सतरा दिवस होते.

बाबांचं धान्याचं दुकान होतं आणि गावात शब्द होता. शकुनचं भंडाऱ्याच्या एका घरी जवळजवळ ठरलं होतं. तिकडे "थोडा अशक्तपणा आहे" एवढंच कळवलं होतं. त्यामुळे बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, ही बाजारातून त्या कंपाउंडरसोबत चालणार नाही. चालली की भंडाऱ्याला संध्याकाळच्या एस.टी.ने बातमी. राहण्याचा तर प्रश्नच नव्हता. बाबांचे मावसभाऊ, आमचे वसंतकाका, कल्याणच्या पुढे अंबरनाथला राहत होते. त्यांचं उलट टपाली पत्र आलं: खाट रिकामी केली आहे, घर आपलंच आहे, दुसरा विचार मनात आणाल तर संबंध संपला.

मी बाबांना न विचारता गभण्यांना घरी बोलावलं. ते इंजेक्शनची पेटी घेऊन आले, म्हणजे शेजाऱ्यांना काही वाटू नये. अंगणात विहीर ते ओसरी तीस-बत्तीस पावलं भरतात. त्यांनी शकुनला विहिरीपाशी उभं केलं.

"सांबारवडी करता येते का वं?"

"येते ना काका."

"मग चालत चालत सांग मले. कशी करतेस?"

शकुन हसली आणि चालू लागली. सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, निवडून धुवायचा, फडक्यावर पसरायचा, पाणी राहता कामा नये. बारीक चिरायचा. खसखस भाजायची, खोबरं किसायचं. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत शब्दांच्या मध्ये जागा पडू लागली. ओसरीवर बाबा वर्तमानपत्र धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते. आई स्वयंपाकघराच्या दारात. पाचवी फेरी संपता संपता शकुन म्हणाली, "मग बेसन..." आणि पुढे काही बोलली नाही. चालत मात्र राहिली, हसतच. तिच्या ओठांचा रंग मला दिसत होता आणि मी तिकडे बघायचं टाळत होतो.

गभण्यांनी हात वर केला. "बस."

"थकली नाही काका," शकुन विहिरीला टेकत म्हणाली. "पुढचं विसरली मी."

"सांबारवडी विसरली? पवनीची पोरगी?" ते म्हणाले. मग बाबांकडे वळले. "एकशे साठ."

बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "वसंताचं घर स्टेशनपासून दहा मिनिटावर आहे."

"कोणाची दहा मिनिटं जी?"

गभण्यांनी त्यांना परळची एक खोली सांगितली, इस्पितळाच्या मागच्या गल्लीत, मालवणकडची एक विधवा बाई राहते, तिला सगळे मावशी म्हणतात. आपल्या दोन खोल्यांतली एक ती रोग्यांना देते. दारापासून फाटकापर्यंत एकशे वीस पावलं.

"कोण जातीची?" बाबांनी विचारलं.

"दोन पायऱ्या आहे. कठडा आहे."

"मी जात विचारली."

"मी पायऱ्या मोजल्या होत्या जी. ते विचाराचं राहून गेलं."

बाबांचा आवाज चढला. लग्नाची पोरगी परक्या बाईच्या घरी ठेवू? रक्ताचा माणूस तिथे असताना? उद्या वसंता चार लोकांत काय तोंड दाखवेल आणि आम्ही काय दाखवू? गभणे ऐकून घेत होते. त्याने बाबा आणखी भडकले आणि म्हणाले, "तुमची बायको तिथे गेली, म्हणून तुम्हाले आमचीही पोरगी मेलेलीच दिसते."

आईच्या हातातलं भांडं पडलं. गभण्यांनी चहाचा कप ओसरीच्या कडेला ठेवला. "बायको गेली म्हणूनच सांगून राहिलो," ते म्हणाले, पेटी उचलली आणि गेले.

मी त्या वेळी बाबांना काहीही बोललो नाही. आजही ते आठवलं की मला माझाच राग येतो. तीस वर्षांचा घोडा, गणिताचा मास्तर, आणि एकशे साठ आणि अंबरनाथ यांतली वजाबाकी बापाला समजावता येत नव्हती.

दिवस जात होते. बाबांनी गाडीची तिकिटं काढली. ट्रंकेत काकूसाठी लुगडं आलं, पोहे आले, चिवड्याचा डबा आला. शकुन सगळं स्वतः भरत होती आणि मध्येच भिंतीला टेकून उभी राहत होती. मी शाळेतून येताना दवाखान्यावरून यायचो. गभणे "या मास्तर" म्हणायचे आणि कागदाच्या पट्ट्या कातरत राहायचे. शकुनचं नावही काढायचे नाहीत. मला वाटायचं, यांनी निदान एकदा तरी घरी येऊन बाबांचे पाय धरावेत. नाही आले.

निघायला पाच दिवस उरले असताना आई खोकल्याचं औषध आणायला म्हणून दवाखान्यात गेली. तिला खोकला नव्हता. तासाभराने आली ती थेट चुलीपुढे बसली. दुपारी बाबा जेवायला बसले, तिने भात वाढला आणि पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"शकुन वसंताच्या घरी नाही राहणार."

बाबांनी वर पाहिलं. आईने त्यांना आडवं उत्तर दिल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"वसंताची बायको चांगली आहे, मी नाही म्हणत नाही," आई म्हणाली. "चांगली आहे म्हणूनच म्हणते. तिथे आपली पोरगी दुपारी खाटेवर पडन? दुसऱ्या घरची बाई चुलीपुढे अन् ही आडवी? मी तिले तसं शिकवलंच नाही जी. चौथ्या दिवशी भांडे घेऊन बसन. गभण्याची सिंधू तशीच बसली होती. पहिला महिना ते नातेवाइकाच्याच घरी होते. कोणी म्हटलं नव्हतं तिले, उलट नको नको म्हणत. पण कोणाच्या घरी बसून खावं कसं? महिन्यानं गभण्यानं तिले त्या मावशीच्या खोलीत आणलं, तोवर तिच्यात काही राहिलं नव्हतं. हा माणूस तो महिना अजून मोजून राहिला."

भातातून वाफ येत होती. मग शकुन आतल्या खोलीतून म्हणाली, "मी खरंच भांडे घासीन बाबा. मले राहवणार नाही." तिच्या आवाजात रडणं नव्हतं, आणि त्यामुळेच ते ऐकवेना.

"अन् वसंताले काय सांगू?" बाबा भात कालवत म्हणाले.

ते सांगायचं कामही गभण्यांनीच केलं. मी बोलावायला गेलो तर लगेच आले, मागचं काही मनात नसल्यासारखे. त्यांनी पोस्टकार्ड मला लिहायला लावलं आणि मजकूर स्वतः सांगितला: 'येथे गभणे नावाचा एक हेकट कंपाउंडर आहे. त्याने डॉक्टरांचं नाव सांगून आम्हाला फाटकाजवळच राहण्याची सक्ती केली. त्याच्यापुढे आमचं काही चाललं नाही. तुमच्या घरचं अन्न नशिबात नाही याचं वाईट वाटतं.' मी 'हेकट' लिहायला कचरलो, तर म्हणाले, "लिहा ना मास्तर. 'मूर्ख' लिहिलं तरी चालन. सगळ्यांच्या कार्डात मी तसाच आहे." तेव्हा मला कळलं, की मुंबईत या माणसाचे कितीतरी वैरी असणार, आणि त्यांतल्या एकालाही त्याने पाहिलेलं नाही. वसंतकाकांचं उत्तर आलं, त्यात चपलेचा उल्लेख होता.

आईबाबा शकुनला घेऊन गेले. मी शाळेमुळे मागे राहिलो. सोमवारी ते हजर झाले, तर इस्पितळात खाट रिकामी नव्हती. उद्या या. उद्या गेले, तर परवा या. आईची पत्रं येत ती एवढीच: आज परत पाठवलं. शकुन खोलीवर येऊन झोपली. आज पुन्हा परत पाठवलं. असं नऊ वेळा झालं. नऊ वेळा फाटकापर्यंत जाणं आणि नऊ वेळा परत येणं. वर्गात फळ्यावर गणित मांडताना माझ्या डोक्यात दुसरंच गणित चाललेलं असायचं. अंबरनाथहून ही नऊ वेळा आली असती का? तिसऱ्या खेपेच्या पुढे मला ते मांडवत नसे. दहाव्या खेपेला खाट मिळाली.

दिवाळीच्या सुट्टीच्या आधी तार आली. त्या काळी तार बहुधा मरणाचीच असे. पोस्टमनने ती वर्गाच्या दारात माझ्या हातात दिली. मला ती उघडता येईना. मी तशीच घेऊन दवाखान्यात गेलो आणि गभण्यांपुढे धरली.

ते दोन पावलं मागे सरकले. "मी नाही उघडत जी," ते म्हणाले. "मास्तर, मले नका सांगू ते." त्यांची पाठ औषधांच्या कपाटाला लागली होती. इतक्या माणसांना मुंबईचा रस्ता दाखवणारा माणूस त्या कागदाला माझ्याहून जास्त घाबरला होता.

शेवटी मीच उघडली. ऑपरेशन नीट झालं होतं. मी मोठ्याने वाचलं.

"बरं," गभणे म्हणाले, मागच्या खोलीत गेले आणि धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुवायला लागले. मी बाहेरच्या बाकावर बसून रडलो.

शकुन परत आली तेव्हा थंडी पडली होती. भंडाऱ्याच्या लोकांनी मधल्या काळात दुसरीकडे मुलगी पाहिली होती. त्याचं घरात दोन दिवस वाईट वाटलं, मग नाही वाटलं. सारी आळी तिला बघून गेली. गभणे आले नाहीत. पुढच्याच महिन्यात माझी बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सिहोऱ्याला झाली, आणि मी पवनीला परतलो तोवर ते निवृत्त होऊन आपल्या गावी निघून गेले होते. म्हणून बदलीच्या आधी एका बाजारदिवशी मी त्यांना पाहिलं, तेच शेवटचं.

शकुन म्हणाली, ते येत नाहीत तर आपण जाऊ. पेढ्यांची पुडी घेऊन आम्ही बाजारातून चालत गेलो. दवाखान्यात गभणे बाटलीला पट्टी चिकटवत होते.

"नळ आतच आहे ना अजून?" त्यांनी शकुनला विचारलं. "दुसऱ्या पायरीचा दगड हालत होता. बसवला का?"

शकुनचा चेहरा उतरला. "काका, मी जित्ती परत आली, अन् तुम्ही दगडाचं विचारून राहिले?"

त्यांनी हनुवटीने बाकाकडे खूण केली. "ते बाई बुधवारी त्याच खोलीत जाऊन राहिली."

बाकावर एक पस्तिशीची बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती, पदर नाकापर्यंत ओढलेला. दारातून बाजार सरळ आत दिसत होता आणि बाजारालाही आतलं दिसत होतं. शकुन बाईच्या शेजारी जाऊन बसली, तिचा हात धरला आणि आपल्या डाव्या कुशीवर ठेवला.

"इथून मागपर्यंत टाके आहे," ती म्हणाली, बाजारात ऐकू जाईल इतक्या आवाजात. सतरा दिवस आम्ही जे शेजाऱ्यांपासूनही लपवलं होतं ते ती रस्त्याकडे तोंड करून सांगत होती. "हृदयाचं होतं माझं. मी त्याच खोलीत राहिली. दगड बसवला आहे."

बाईने पदर थोडा वर केला. "बाई, तिथे दुपारचं टेकू देतात का कोणी? का बसूनच राहा लागते?"

"देतात ना. मावशीच म्हणते झोप. ते सांगे मले, पवनीची सिंधू इथेच झोपे, याच खाटेवर, रोज जेवली की."

गभण्यांचा पट्टी दाबणारा हात थांबला. "कोण झोपे?"

"काकू," शकुन म्हणाली. "मावशीले अजून आठवते. तुम्ही इस्पितळात रांगेत जात, अन् काकू चार वाजेपर्यंत झोपून राहे. पाय लांब करून. मावशी म्हणे, घोरे पण. उठली की म्हणे, मावशी, असं सुख मी माहेरीही नाही पाहिलं."

गभणे टेबलामागून बाहेर आले. बाटली हातात तशीच होती. बाकाच्या टोकाला थोडी जागा होती तिथे बसले, रोगी बसतात तसे, गुडघे जुळवून.

"घोरे?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"घरी तं दुपारची कधी झोपलीच नाही जी ते," ते आम्हा कोणाकडेही न बघता म्हणाले. "वीस वर्षांत एकदा नाही."